इंग्रजीत नाक धावतं, मराठीत साबुदाणा चालतो

माझी भाची चौथीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे राहायला आली आणि आल्या आल्या सर्दीने बेजार झाली. दुपारी पांघरुणात बसून ती एक इंग्रजी गोष्टीचं पुस्तक वाचत होती. त्यातला मुलगा आईला म्हणतो, "माय नोज इज रनिंग." तिने लगेच पेन्सिल उचलली आणि चित्र काढलं : एक भलंमोठं नाक, त्याला दोन पाय, पायांत निळे बूट, आणि मागे हातात रुमाल घेऊन पळणारा एक मुलगा.

"मावशी, रन म्हणजे धावणे ना? मग नाक कसं धावेल?"

मी म्हटलं, "इथे रन म्हणजे वाहणे. नाक वाहतंय, तुझं वाहतंय तसं."

तिने नाक पुसलं आणि वहीत लिहिलं : रन म्हणजे धावणे, वाहणे. मग तिने विचारलं, "अजून काही अर्थ आहे का?"

"आहेत की. सहाशे पंचेचाळीस."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. तुम्हालाही वाटलं असेल. पण हा आकडा खरा आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी नावाचा इंग्रजीचा सगळ्यात मोठा कोश आहे. तिथल्या पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराने या एका शब्दावर नऊ महिन्यांहून जास्त काळ काम केलं. २०११ साली ते काम पुरं झालं, तेव्हा 'रन' या क्रियापदाचे ६४५ वेगवेगळे अर्थ मोजून झाले होते. नुसत्या क्रियापदाचे बरं का. क्रिकेटमधली रन हे नाम आहे, ते यात धरलेलंच नाही.

त्याआधी पहिला नंबर होता 'सेट' या शब्दाचा. १९८९च्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ दिले होते आणि ते समजावून सांगायला सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले होते. ६०,००० म्हणजे किती? मोलसवर्थसाहेबांच्या प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, त्यात सगळे मिळून जवळपास ६०,००० मराठी शब्द होते. इथे तेवढे शब्द एकट्या 'सेट'च्या वर्णनाला लागले!

आणि योगायोग बघा. मोलसवर्थची ती आवृत्ती निघाली त्याच वर्षी, १८५७ साली, लंडनमधल्या काही भाषाप्रेमी मंडळींच्या मनात आलं की इंग्रजीचा एकही शब्द आणि एकही अर्थ सुटणार नाही असा कोश हवा. तोच पुढे ऑक्सफर्डचा कोश झाला. पण एका शब्दाचे सगळे अर्थ मोजायचे कसे? घरात बसून आठवायला गेलात तर वीस-पंचवीस सापडतील. उरलेले सहाशे कुठून आणायचे?

ते चिठ्ठ्यांवरून आणायचे.

ही चिठ्ठ्यांची गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा सावकाश सांगते. जेम्स मरे नावाचे एक शिक्षक होते. स्कॉटलंडमधल्या एका खेडेगावात जन्मले, चौदाव्या वर्षी शाळा सुटली, पुढे स्वतःच शिकत राहिले आणि कितीतरी भाषा शिकले. १८७९ साली या कोशाचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी लोकांना आवाहन केलं : पुस्तकं वाचा, आणि शब्द जिथे नव्या किंवा खास अर्थाने वापरलेला दिसेल, तिथलं पूर्ण वाक्य एका चिठ्ठीवर उतरवून मला पाठवा. वर शब्द, खाली वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल. पोस्टकार्डाहून थोडी मोठी चिठ्ठी. एका चिठ्ठीवर एकच वाक्य.

शेकडो लोकांनी चिठ्ठ्या पाठवल्या. पैसे कुणाला मिळत नव्हते, आवड म्हणून वाचायचे आणि लिहायचे. मरे यांच्या आधी ज्यांनी काम केलं होतं, त्यांच्याकडच्या जुन्या चिठ्ठ्याही पोत्यांत भरून आल्या. त्यातल्या एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, आणि दुसऱ्यात एक उंदरीण पिल्लांसकट सुखाने राहत होती. कागद कुरतडून तिने मऊ घरटं केलं होतं.

ऑक्सफर्डला मरे यांच्या घरामागे बागेत पत्र्याची एक शेड बांधलेली होती. शेजाऱ्यांना समोरचं दिसायला अडू नये म्हणून ती जमिनीत काही फूट खाली रोवली होती. त्यामुळे आत ओल आणि थंडी. हिवाळ्यात मरे जाड कोट घालून, पायांना वारा लागू नये म्हणून पाय एका खोक्यात घालून बसायचे. भिंतींवर लाकडी खणच खण. पोस्टातल्या पत्रं लावायच्या फळीला असतात तसे. प्रत्येक खणात चिठ्ठ्यांचे गठ्ठे. त्यांना अकरा मुलं होती, आणि ती सगळी लहानपणापासून चिठ्ठ्या अक्षरांप्रमाणे लावायच्या कामाला बसायची. त्याबद्दल खाऊला पैसे मिळायचे. इतकी पत्रं यायची की टपाल खात्याने घरासमोर एक लाल पेटीच उभी केली, आणि पाकिटावर नुसतं 'मिस्टर मरे, ऑक्सफर्ड' एवढं लिहिलं तरी पत्र पोचायचं.

आता समजा 'रन'च्या हजारो चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या आहेत. कोशकार काय करतो? एकेक वाचतो. "घोडा धावला" एका ढिगात. "नदी धावली" दुसऱ्या ढिगात. "त्याने दुकान धाववलं" तिसऱ्यात. मग एखादी चिठ्ठी अशी येते की ती कुठल्याच ढिगात बसत नाही, तिच्यासाठी नवा ढीग करावा लागतो. सगळ्या चिठ्ठ्या संपल्या की जेवढे ढीग, तेवढे अर्थ. आज चिठ्ठ्यांच्या जागी संगणक आला आहे, पण ढीग करायचं काम माणसालाच करावं लागतं. गिलिव्हर नऊ महिने हेच करत होते.

मरे यांचा कोश पुरा व्हायला १९२८ साल उजाडलं. चार लाखांहून जास्त शब्द, अठरा लाखांहून जास्त वाक्यं. मरे स्वतः तो पुरा झालेला पाहू शकले नाहीत, ते १९१५ सालीच गेले. हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं.

पण परत आपल्या नाकाकडे येऊ. भाचीचं म्हणणं होतं की नाकाला पाय नाहीत, मग इंग्रजांनी उगाच त्याला का पळवलं?

याचं उत्तर हजार वर्षं मागे आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचे दोन्ही अर्थ होते, पायांनी धावणं आणि पाण्याने वाहणं. इंग्रजीची चुलत बहीण म्हणजे जर्मन. तिच्यात आजही दोन जुळे शब्द आहेत : 'रेनेन' म्हणजे पळणे आणि 'रिनेन' म्हणजे वाहणे, पाझरणे. इंग्रजीत हे दोघे एकाच शब्दात मिसळून गेले. तेव्हा नाकाला पाय फुटण्याची गरजच नाही. ते नदीसारखं 'रन' होतं, आणि तेही फार जुन्या काळापासून. भाचीच्या चित्रात बुटांऐवजी ओढा हवा होता.

आणि आपला 'धाव'? संस्कृतमधल्या 'धाव्' या धातूचा अर्थ आहे धावणे आणि वाहणेसुद्धा! पाणी पळतं असं माणसांना फार पूर्वीपासून वाटत आलं आहे. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेने उताराला लागलेलं पाणी बघा. त्यात कागदाची होडी सोडा आणि तिच्याबरोबर राहायचा प्रयत्न करा. तुम्हालाही पळावं लागेल.

मराठीत मात्र आपण पुढे ही दोन कामं वाटून टाकली. पाय धावतात, पाणी वाहतं. इंग्रजीने वाटणी केलीच नाही, म्हणून 'रन'च्या अंगणात पाण्याची सगळी पिलावळ आली. नळ सोडला की तो 'रन' होतो. नवा लाल टॉवेल पांढऱ्या शर्टाबरोबर भिजवला आणि शर्ट गुलाबी झाला, तर इंग्रजीत रंग 'रन' झाला. आपल्याकडे रंग 'जातो'. वाळूच्या घड्याळातली वाळू वरच्या भांड्यातून खाली 'रन' होते. ती सगळी बाहेर पडली की 'रन आउट', म्हणजे वेळ संपला. मग वेळ संपतो तसं दूध संपतं, साखर संपते, पैसे संपतात, तेही 'रन आउट'. आपल्या क्रिकेटवेड्या कानांना मात्र 'वुई हॅव रन आउट ऑफ मिल्क' ऐकलं की वाटतं, दूध धावचीत झालं!

क्रिकेटचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये धावा मोजायला एक माणूस काठी आणि चाकू घेऊन मैदानाशेजारी बसायचा. फलंदाज एकदा पळाला की काठीवर एक खाच. तेव्हा धावांना 'खाचा'च म्हणायचे. सुरुवातीला सीमारेषा नव्हती, त्यामुळे प्रत्येक धाव खरोखर पळूनच काढायला लागायची. आता षटकार बसला की फलंदाज जागचा हलत नाही आणि धावफलकावर सहा धावा लागतात. पळणं गेलं, 'रन' राहिली. शब्दांचं असं होतं. ज्या गोष्टीवरून नाव पडलं ती गोष्ट निघून जाते आणि नाव मागे राहतं.

आता पायांकडची बाजू. घोडा धावतो, आणि स्वार घोड्याला धावायला लावतो. मराठीत यासाठी किती सुंदर सोय आहे बघा. मध्ये एक 'व' घातला की झालं. चालणे-चालवणे, बसणे-बसवणे, हसणे-हसवणे, पळणे-पळवणे. (पळवणेमध्ये एक गंमत आहे. "त्याने गाडी पळवली" म्हणजे जोरात नेली की चोरून नेली? आजूबाजूची वाक्यं वाचल्याशिवाय सांगता येत नाही. कोशकाराला अशा चिठ्ठीने घाम फुटतो.) जुन्या इंग्रजीतही धावणे आणि धावायला लावणे यांसाठी दोन वेगळे शब्द होते. ते पुढे एकच झाले. त्यामुळे इंग्रजीत घोडाही 'रन' करतो आणि घोडेस्वारही घोड्याला 'रन' करतो. मग घोड्याच्या जागी दुकान आलं, शाळा आली, हॉटेल आलं, अख्खा देश आला. दुकानदार दुकान 'रन' करतो, म्हणजे चालवतो.

थांबा. मी आत्ता काय म्हटलं? इंग्रजीत दुकान धावतं. आणि मराठीत? चालतं.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी घरभर फिरून वस्तू तपासत सुटले. भिंतीवरचं घड्याळ : इंग्रजीत धावतं, मराठीत चालतं. पंखा, मिक्सर, शिलाई मशीन, विहिरीवरचा पंप : तिथे सगळे धावतात, आपल्याकडे सगळे चालतात. तिकडे नाटकाचे प्रयोग धावतात, आपल्याकडे नाटक 'चाललं' की नाटककंपनी खूश. इंग्रजांनी ज्याला पळायला लावलं, त्याला आपण बोट धरून चालवत आणलं. आणि असं करणारे आपण एकटे नाही. फ्रेंच लोकांचं घड्याळही चालतंच! त्यांचं क्रियापद आहे 'मार्शे', म्हणजे चालणे. मित्राने विचारलं, "उद्या पाच वाजता भेटू या?" तर फ्रेंच माणूस उत्तर देतो, "सा मार्श." शब्दशः अर्थ, "हे चालतं." कोल्हापूरचा माणूस म्हणेल, "चालतंय की!" कुठे पॅरिस आणि कुठे पंचगंगा, पण दोघांनीही होकार द्यायला चालण्याचंच क्रियापद उचललं.

आपल्या 'चालणे'ची मजल तर किती लांब गेली आहे! नाणं चालतं. डोकं चालतं. खटला वर्षानुवर्षं चालतो. वर्गात जीभ चालते आणि बाई रागावतात. आजोबांपुढे बाबांचं काही चालत नाही. आणि उपासाला साबुदाणा चालतो, भगर चालते, पण पोळी चालत नाही. आता कल्पना करा, मराठी शिकणाऱ्या एखाद्या परदेशी मुलीला आपण सांगितलं, "आज एकादशी आहे, साबुदाणा चालेल." ती बिचारी ताटाकडे बघत बसेल, हा कधी चालायला लागतोय म्हणून. माझ्या भाचीने ही गोष्ट ऐकली आणि लगेच दुसरं चित्र काढलं : ताटातून रांगेने निघालेले साबुदाण्याचे दाणे.

मग धावणारं यंत्र आपल्याकडे एकही नाही का? आहे. रेल्वे! १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. कुठल्याही मराठी पुस्तकात बघा, तिथे 'पहिली रेल्वे धावली' असंच लिहिलेलं असतं, 'चालली' असं नाही. आजही स्टेशनवर घोषणा होते की गाड्या उशिराने धावत आहेत. उशिराने का होईना, पण धावत! साहिब, सिंध आणि सुलतान नावाची तीन इंजिनं त्या पहिल्या गाडीला जोडली होती. धूर सोडत, घोड्यालाही मागे टाकत जाणारं ते प्रकरण बघून 'चालते' म्हणायला कुणाची जीभ वळली नसेल, असं मला वाटतं.

आणि 'रन'ने 'सेट'ला मागे टाकलं त्याचंही गुपित इथेच कुठेतरी आहे. ऑक्सफर्डच्या कोशाबद्दल लिहिणारे लेखक सायमन विंचेस्टर सांगतात की यंत्रं धावतात, घड्याळं धावतात, संगणक धावतात, असे अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वाढायला लागले. 'सेट' म्हणजे ठेवणे, बसवणे, मांडणे. तो स्थिर, जागच्या जागी बसणारा शब्द. 'रन' हलणारा. जगात हलणाऱ्या वस्तू भराभरा वाढल्या आणि त्या सगळ्यांसाठी हाच शब्द हाताशी होता. नवीन यंत्र आलं की दर वेळी नवा शब्द कोण घडवत बसणार?

सगळीकडे 'रन'च असतो असंही नाही. अमेरिकेत निवडणुकीसाठी उमेदवार 'रन' करतो. इंग्लंडमध्ये मात्र तोच उमेदवार निवडणुकीला 'स्टँड' करतो, म्हणजे उभा राहतो. आणि आपले काका ग्रामपंचायतीला काय राहतात? उभेच! तापाची तऱ्हाही वेगळी. इंग्रजीत माणूस तापाला 'रन' करतो. मराठीत ताप स्वतःच येतो, चढतो आणि उतरतो, जसा काही जिना आहे.

आता मला सगळ्यात जास्त चकित करणारी गोष्ट. इंग्रजीत रस्तासुद्धा धावतो. "द रोड रन्स अलाँग द रिव्हर." आपला रस्ता 'जातो'. तुम्ही तो जुना विनोद ऐकला असेल : पाहुणा विचारतो, "हा रस्ता कुठे जातो?" आणि मुलगा म्हणतो, "कुठेच नाही, मी लहान असल्यापासून इथेच आहे." रस्ता तर निपचित पडलेला असतो. मग आपलं मन त्याला हलवतं का? टीनी मॅटलॉक नावाच्या संशोधिकेने हे तपासून पाहिलं. २००४ साली तिचे प्रयोग छापून आले. तिने लोकांना छोट्या गोष्टी वाचायला दिल्या. काही गोष्टींत माणूस सपाट वाटेने भरभर प्रवास करतो, काहींत खडबडीत वाटेने रखडत जातो. गोष्टीच्या शेवटी वाक्य होतं रस्त्याचं, म्हणजे रस्ता अमुक ठिकाणातून 'रन' होतो अशा तऱ्हेचं. ते वाक्य वाचून समजायला किती वेळ लागतो, हे संगणकाने मोजलं. रखडत्या प्रवासाची गोष्ट वाचलेल्यांना शेवटचं वाक्य समजायला जास्त वेळ लागला!

म्हणजे रस्ता 'धावतो' किंवा 'जातो' असं वाचताना आपण मनातल्या मनात त्या रस्त्यावरून थोडे चालून येतो. वाट खडबडीत असली तर मनही हळू चालतं. हे वाचलं त्या दिवसापासून "हा रस्ता वाईला जातो" अशी पाटी दिसली की मला आतून काहीतरी पुढे सरकल्यासारखं वाटतं. तुम्हीही लक्ष ठेवा.

एक प्रश्न मात्र राहिला. अर्थांची एवढी गर्दी 'रन', 'सेट', 'गो', 'टेक' अशा चिमुकल्या शब्दांकडेच का होते? जॉर्ज झिफ नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ साली दाखवून दिलं की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. कारण सोपं आहे. रोज हाताशी असलेल्या वस्तूला आपण दहा कामं लावतो. स्वयंपाकघरातली सांडशी बघा. पातेलं उचलायला आणली, पण तिने आपण बाटलीचं झाकण फिरवतो, अक्रोड फोडतो, वेळ पडली तर खिळाही उपटतो. माळ्यावरच्या किसणीला अशी कामं कोण सांगतो?

अशा रोजच्या शब्दांची आणखी एक खूण असते. ते नियम पाळत नाहीत. इंग्रजीत भूतकाळ करायला शेवटी 'ड' लावतात, पण 'रन'चं होतं 'रॅन'. इंग्रज बाळं बोलायला शिकताना 'रन्ड' म्हणतात, आणि मग हळूहळू सुधारतात. आपली बाळं 'मी करलं' म्हणतात ना, तसंच. चालणे-चालला, बसणे-बसला, मग करणे-करलं! बाळाने नियम बरोबर लावला, शब्दानेच तो मोडला. आणि मोडणारे मराठी शब्द कोणते, बघा : करणे-केलं, जाणे-गेला, येणे-आला. सगळे दिवसातून शंभरदा लागणारे. 'जाणे' आणि 'गेला' तर मुळात एका घरचेही नाहीत. 'जाणे' आलं संस्कृतच्या 'या' धातूपासून आणि 'गेला' आला 'गत'वरून. दोन वेगळ्या शब्दांनी एक संसार केला. आता इंग्रजीत बघा : 'गो'चा भूतकाळ 'वेंट'. तिथेही 'वेंट' दुसऱ्याच एका शब्दाच्या घरून आलेला! जायच्या क्रियापदाने दोन्ही भाषांत हीच करामत केली आहे.

हार्वर्डमधल्या संशोधकांनी २००७ साली जुन्या इंग्रजीतल्या अशा १७७ अनियमित क्रियापदांचा माग काढला. हजार-बाराशे वर्षांत त्यांतली ९८ च तशी उरली. बाकीच्यांनी निमूटपणे 'ड' लावून घेतला. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, तो 'हेल्प्ड' झाला. जो शब्द कमी वापरला जातो तो लवकर नियमाला शरण जातो. 'रन' कधी शरण गेला नाही, कारण लोकांनी त्याला कधी विसावूच दिलं नाही.

तर हे सगळं ऐकून भाचीने ठरवलं की आपणही कोश करायचा. मी तिला बुटाचं रिकामं खोकं दिलं आणि पोस्टकार्डाएवढे कागद कापून दिले. 'रन' इंग्रजांनी केलाच आहे, म्हणून आम्ही मराठीतला शब्द घेतला : लागणे. संस्कृतमध्ये 'लग्' म्हणजे चिकटणे. 'लग्न' हा शब्द त्याच घरातला. नियम मरे यांचाच. आठवून लिहायचं नाही, कुणी बोलताना कानावर पडलं तरच चिठ्ठी करायची. खाली बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख.

पहिल्या दिवशी सकाळीच सात चिठ्ठ्या झाल्या. भूक लागली. फोन लागत नाही. भात तळाला लागला. झोपच लागली नाही रात्रभर. शेजारच्या काकूंच्या मुलाला नोकरी लागली. दूध आणायला किती वेळ लागतो तुला? उचकी लागली, कुणीतरी आठवण काढतंय. नंतर निकाल लागला, पैज लागली, शेवग्याला शेंगा लागल्या, पाऊस लागून राहिला. वाटेत मारुतीचं देऊळ लागतं (ही चिठ्ठी तिने स्वतः पकडली आणि म्हणाली, मावशी, हा मॅटलॉकबाईंचा रस्ता!). 'तो तुझा कोण लागतो?' आणि 'रडू लागला' या दोन चिठ्ठ्यांना वेगळे खण द्यावे लागले. 'गाडी लागली' अशा तर दोन निघाल्या. एक बाबांची, फलाटाला गाडी लागली. दुसरी तिच्याच आईची, घाटात पोरीला गाडी लागली आणि पिशवी शोधावी लागली. त्या शेवटच्या वाक्यात आणखी एक 'लागली' आहे, हे तिला रात्री झोपताना दिसलं. तशीच उठून तिने चिठ्ठी केली.

तुम्हाला खूप मोठा खजिना बघायचा असेल तर वाचनालयात दाते आणि कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड मागा. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात खंड निघाले. पण ते उघडण्याआधी खोकं भरायला घ्या. 'मारणे', 'खाणे', 'काढणे', 'पडणे', यांतला कुठलाही शब्द चालेल.

आमच्या खोक्यात आज एकसष्ट चिठ्ठ्या आहेत आणि एकवीस ढीग. परवा भाचीचा फोन आला. जिन्यावरून पडून तिचा गुडघा फुटला होता, तरी आवाजात उत्साह मावत नव्हता. तिने लागोपाठ दोन वाक्यं वाचून दाखवली. एक तिचं स्वतःचं : "आई, मला लागलं." दुसरं आजीचं, चहाच्या वेळचं : "मला साखर कमी लागते." एकात दुखतंय आणि दुसऱ्यात हवंय. दोन्ही 'मला', दोन्ही 'लागणे'. ती विचारत होती, या दोन चिठ्ठ्या एकाच ढिगात ठेवायच्या की वेगळ्या? मी म्हटलं वेगळ्या. ती म्हणाली, पण मावशी, दोन्हींत काहीतरी येऊन आपल्याला चिकटतंच ना?

चिठ्ठ्या अजून टेबलावरच आहेत.